वृद्धनिवासाची रचना कशी करावी: गोव्यातील घरे, हवा आणि माणसे ध्यानात घेऊन

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्यातील साठ वर्षांवरील नागरिकांचे प्रमाण ११.२ टक्के होते आणि राज्यांमध्ये केरळच्या खालोखाल गोव्याचाच क्रमांक लागत होता. मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला, आखातात, पोर्तुगालात किंवा इंग्लंडात गेलेली आणि मोठ्या घरात दोघे वृद्ध, किंवा त्यांपैकी एकच, मागे राहिलेले, ही स्थिती पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळीकडे आढळते. त्यामुळे येत्या काळात देवस्थाने, धर्मादाय न्यास आणि खासगी संस्था वृद्धनिवास उभारण्याच्या कामात अधिकाधिक उतरणार, हे उघड आहे. अशा मंडळींनी वास्तुरचनाकाराकडे जाण्यापूर्वी काय ठरवावे, नकाशा हाती आल्यावर त्यात काय तपासावे आणि कुठे पैसे वाचवू नयेत, हे सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

प्रत्येक निर्णयाला लावण्याची कसोटी मी एकच मानतो. निवासी व्यक्ती आज जे काम स्वतःच्या हाताने करू शकते, ते या पायरीमुळे, या दरवाजामुळे किंवा या नियमामुळे उद्या तिच्या हातून सुटणार तर नाही ना, हा प्रश्न नकाशातल्या प्रत्येक रेघेला विचारावा. अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या एका शुश्रूषागृहात एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी केलेला एक अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका मजल्यावरच्या निवासींना सांगण्यात आले की आपल्या खोलीची मांडणी, आपला वेळ आणि आपल्याला दिलेल्या रोपट्याची निगा ही त्यांची स्वतःची जबाबदारी आहे. दुसऱ्या मजल्यावर तीच रोपटी देण्यात आली, पण त्यांना पाणी सेविकांनी घालायचे होते आणि निवासींची सर्व काळजी कर्मचारी घेतील असे सांगण्यात आले होते. तीन आठवड्यांनी पाहिले तेव्हा पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक तरतरीत, अधिक प्रसन्न आणि अधिक हालचाल करणारी आढळली. आपल्याकडे प्रेमापोटी म्हाताऱ्या माणसाच्या हातातले सगळे काम काढून घेण्याची रीत आहे, म्हणून हा निष्कर्ष आपण विशेष मनावर घ्यायला हवा.

जागा निवडताना

डोंगरमाथ्यावरची, गर्दीपासून दूर, निसर्गरम्य जागा जाहिरातीत शोभते, पण वृद्धनिवासासाठी ती बहुधा गैरसोयीची ठरते. ज्या माणसाचे सगळे आयुष्य वाड्यावरच्या वर्दळीत, देवळातल्या घंटेच्या आणि शेजाऱ्यांच्या हाकांच्या आवाजात गेले, त्याला पठारावरची शांतता काही दिवसांतच खायला उठते. वृद्धनिवास गावात असावा. देऊळ, चॅपेल, कोपऱ्यावरचे दुकान आणि बसथांबा यांपर्यंत काठी टेकत जाता यावे, जत्रेचे आणि शाळा सुटल्याचे आवाज कानांवर पडावेत आणि भेटायला येणाऱ्या नातेवाइकाला स्वतःची गाडी नसली तरी अडू नये.

रुग्णालयाचे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये, वेळेत मोजावे. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय किंवा म्हापसा व मडगाव येथील जिल्हा रुग्णालये यांपैकी जे जवळ असेल तेथे जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी, रस्ते भरलेले असताना, प्रत्यक्ष गाडीने जाऊन पाहावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका फाटकातून आत शिरून थेट छपराखाली उभी राहू शकते की नाही, तिला वळायला जागा आहे की नाही, हेही त्याच वेळी तपासावे. खाजन (बांध घालून खाडीपासून राखलेल्या) जमिनीच्या कडेची सखल जागा आणि डोंगर कापून काढलेल्या उताराखालची जागा या दोन्ही, कितीही स्वस्त मिळाल्या तरी, सोडून द्याव्यात.

बंद पडलेली जुनी घरे वृद्धनिवासासाठी घेण्याचा विचार मोहक आहे आणि काही ठिकाणी तो योग्यही ठरेल, कारण जाड चिऱ्यांच्या भिंती, उंच कौलारू छप्पर आणि मधले राजांगण, म्हणजे घराच्या पोटातले उघडे अंगण, यांनी गोव्याच्या दमट हवेचा प्रश्न फार पूर्वीच सोडवलेला आहे. मात्र अशा घराचे जोते पुष्कळदा कमरेएवढे उंच असते, खोलीखोलीला उंबरठे असतात आणि न्हाणीघर व शौचालय मागच्या अंगाला, दोन-तीन पायऱ्या उतरून असते. मालकीत अनेक वारसांचे हिस्से असतात आणि त्यांतले काही परदेशात असतात, म्हणून सर्वांची लेखी संमती हाती आल्याशिवाय नकाशावर एक रुपयाही खर्च करू नये. घर घेतलेच तर निवासींच्या सगळ्या खोल्या तळमजल्यावर ठेवाव्यात आणि माडीचा उपयोग कार्यालय, भांडार व कर्मचाऱ्यांच्या निवासासाठी करावा.

दिवस आधी, नकाशा मागाहून

खोल्या किती आणि कुठे, हे ठरवण्यापूर्वी एका माणसाचा पहाटे पाचपासून रात्रीपर्यंतचा दिवस कागदावर लिहून काढावा. शक्य असल्यास चालू असलेल्या एखाद्या वृद्धाश्रमात परवानगीने पूर्ण दिवस बसून हे करावे. पोर्तुगीज काळात स्थापन झालेली आणि प्रोव्हेदोरिया या नावाने लोकांना ठाऊक असलेली संस्था आजही गोव्यात वृद्धाश्रम चालवते, तेथील अनुभवी कर्मचाऱ्यांशी दोन तास बोलले तरी खूप काही कळते. पहाटे उठून चहा हवा असणारे किती, देवाची फुले कोण तोडते, वर्तमानपत्र कोण आधी वाचते, दुपारी झोप न येणारे कुठे बसतात, रात्री शौचाला किती वेळा उठावे लागते, या साध्या प्रश्नांच्या उत्तरांतून नकाशा तयार होतो.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. त्याच्या १९ व्या कलमानुसार राज्य शासन प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असे निवास उभारू शकते. एवढी संख्या एकाच इमारतीत, एकाच भोजनगृहात आणि एकाच लांब बोळात कोंबली की त्याची बराक होते. १५० असोत वा ४०, दहा-बारा जणांचे एक घर, असे गट पाडावेत आणि प्रत्येक गटाला स्वतःची ओसरी, बसण्याची खोली, जेवणाचे टेबल आणि छोटी पाकशाळा द्यावी. अमेरिकेत २००३ साली मिसिसिपीतील तुपेलो येथे बिल थॉमस या डॉक्टरांनी सुरू केलेली ‘ग्रीन हाउस’ पद्धती याच विचारावर उभी आहे. दहा-बारा माणसांची नावे आणि सवयी सेविकेच्या लक्षात राहतात, चाळीस जणांच्या राहत नाहीत. शिवाय एखाद्या गटात ताप-खोकल्याची साथ आली तर तो गट वेगळा ठेवता येतो, हा फायदाही लहान नाही.

ओसरी आणि बाल्कांव

गोव्याच्या घराने वृद्धांसाठी एक उत्तम जागा आधीच घडवून ठेवली आहे, ती म्हणजे रस्त्याकडे तोंड करून असलेली ओसरी किंवा बाल्कांव. तेथे बसलेले माणूस घरातही असते आणि गावातही असते. सकाळी पोदेर (पाववाला) भोंपू वाजवत येतो, मासेवाली टोपली उतरवते, जाणारा-येणारा ‘जेवलात काय’ म्हणून विचारतो, आणि त्यासाठी वृद्धाला उठून कुठेही जावे लागत नाही. वृद्धनिवासाच्या नकाशात मात्र पुष्कळदा समोर कार्यालय आणि वाहनतळ येतो आणि माणसे मागच्या बाजूला, कुंपणाच्या भिंतीकडे पाहत बसतात. हा क्रम उलटा करावा. दर्शनी भाग निवासींना द्यावा आणि कार्यालय बाजूला सारावे.

ओसरीची रुंदी भिंतीपासून कडेपर्यंत निदान अडीच मीटर असावी, म्हणजे खुर्च्यांच्या रांगेपुढून चाकाची खुर्ची सहज जाईल आणि पावसाची झड बसणाऱ्यापर्यंत पोचणार नाही. बाल्कांवातली बांधीव बाकडी देखणी असतात, पण त्यांना हात नसतात आणि पावसाळ्यात ती गार पडतात. वृद्धाला उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो, म्हणून बैठक ४५ ते ४८ सेंटीमीटर उंचीची, पाठ असलेली आणि दोन्ही बाजूंना पुढपर्यंत आलेले हात असलेली हवी. खोल, मऊ सोफा तर घेऊच नये, कारण त्यात बसलेल्या माणसाला दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागते.

चढणीचा उतार बारास एक यापेक्षा तीव्र नसावा, असे राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. म्हणजे जोते ६० सेंटीमीटर उंच ठेवले तर उताराची लांबी ७.२ मीटर होते आणि मधला थांबा धरला तर त्याहून अधिक. ही जागा आधीच राखून ठेवली नाही, तर मागाहून ठेकेदार पायऱ्यांवर एक तीव्र घसरण टाकून देतो आणि तिच्यावरून चाकाची खुर्ची चढवायला दोन माणसे लागतात. उताराच्या दोन्ही बाजूंना ७६ आणि ९० सेंटीमीटर अशा दोन उंचींवर हातकठडे द्यावेत, आणि उताराच्या शेजारी दोन-चार रुंद पायऱ्याही ठेवाव्यात, कारण गुडघेदुखी असलेल्या काही जणांना उतारापेक्षा कठडा धरून पायरी चढणे सोपे जाते.

न्हाणीघर आणि शौचालय

वृद्ध पडतात ते बहुतकरून पलंग आणि शौचालय यांच्या दरम्यान. मांडीचे हाड मोडले की पुष्कळांचे स्वतंत्र चालणे तेथेच संपते. म्हणून अंदाजपत्रकात काटछाट करायची वेळ आली तर ती बाहेरच्या दर्शनी सजावटीत करावी, येथे करू नये.

पारंपरिक न्हाणीघर खोलीच्या जमिनीपेक्षा दोन-चार इंच खाली असते, म्हणजे पाणी बाहेर येत नाही. वृद्धनिवासात ही पातळी सरळ एकच ठेवावी. पाणी अडवण्याचे काम उंबरठ्याकडून न घेता उताराकडून घ्यावे: जमिनीला पन्नासास एक एवढा हलका उतार आणि दाराच्या रेषेत जाळीची लांब गटार दिली की काम भागते. ही गोष्ट काँक्रीटचा तक्ता (स्लॅब) ओतण्यापूर्वीच ठरवावी लागते, कारण उतार आणि गटार यांसाठी लागणारा खड्डा नंतर पाडता येत नाही. लादी खरखरीत असावी; घसरण-रोधाचा आर-११ दर्जा ओल्या जागेसाठी मागून घ्यावा आणि दुकानात नमुन्यावर साबणाचे पाणी ओतून, त्यावर अनवाणी पाऊल फिरवून मगच पसंत करावी.

दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. आत पडलेले माणूस दाराला टेकून पडते आणि दार आत उघडणारे असेल तर मदतीला आलेल्यालाच ते उघडत नाही. कडी बाहेरूनही उघडता यावी. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर आणि आत चाकाची खुर्ची वळायला १५० सेंटीमीटर व्यासाची मोकळी जागा, ही मापे पहिल्याच नकाशात दाखवून घ्यावीत.

आधाराचे दांडे कुठे बसवायचे हे कागदावर ठरत नाही. कमोड बसवल्यावर एखाद्या सत्तरीच्या बाईंना आणि एखाद्या उंच गृहस्थांना तेथे बसवून, उठताना त्यांचा हात आपोआप कुठे जातो ते पाहावे आणि तेथे भिंतीवर खूण करावी. अशी चाचणी घेताना मी पाहिले आहे की डावा हात दुबळा असलेले माणूस उजवीकडची भिंत शोधते आणि तेथे नेमका टॉवेलचा दांडा असतो. टॉवेलचा दांडा माणसाचे वजन पेलत नाही. म्हणून दोन्ही बाजूंची भिंत पक्की असावी, टॉवेल अडकवायला दांड्याऐवजी खुंट्या द्याव्यात आणि आधाराचा दांडा सुमारे चार सेंटीमीटर जाड व भिंतीपासून पाच सेंटीमीटर सुटा असावा. पावसाळ्यात हाताला ओल असते, तेव्हा गुळगुळीत पोलादी दांडा निसटतो. खरखरीत पृष्ठभागाचा घ्यावा. कमोडची बैठक ४५ ते ४८ सेंटीमीटर उंच ठेवावी.

बादली आणि तांब्याने आंघोळ करण्याची सवय आयुष्यभराची असते. ती मोडू नये. पाटावर उकिडवे बसणे शक्य नसले तरी न हलणारी, हात असलेली खुर्ची आणि तिच्या शेजारी गुडघ्याच्या उंचीचा चबुतरा दिला, तर बादली त्यावर राहते आणि वाकावे लागत नाही. हातात धरायचा फवारा सोबत असू द्यावा. गरम पाण्याला मिश्रक झडप बसवून तापमान ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणार नाही अशी सोय करावी, कारण मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या माणसाला चटका कळत नाही. मदतीच्या घंटीची दोरी थेट जमिनीपर्यंत लोंबती असावी. बटण भिंतीवर चार फुटांवर असेल, तर पडलेल्या माणसाला त्याचा काहीही उपयोग नाही.

खोली, खिडकी आणि उजेड

माझ्या मते प्रत्येकाला स्वतःची खोली मिळावी, मग ती लहान का असेना. काही जणांना सोबत हवी असते, बहिणी-बहिणी किंवा नवरा-बायको एकत्र येतात, त्यांच्यासाठी मधे दार असलेल्या जोडखोल्या काही ठिकाणी ठेवाव्यात. कपाटाला किल्ली द्यावी, किल्ली निवासीकडे राहावी. भिंतीवर एक लाकडी पट्टी बसवून दिली की फोटो लावायला दर वेळी खिळा मागावा लागत नाही. घरून आणलेली पेटी, आरामखुर्ची आणि देव्हारा यांना जागा असावी. तेलाचा दिवा मात्र खोलीत न ठेवता सामायिक देवघरात ठेवावा, कारण प्राणवायूची नळी लावलेल्या माणसाच्या शेजारी उघडी ज्योत चालत नाही.

रॉजर उलरिच यांचा १९८४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सर्वज्ञात आहे: शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. आपल्याकडे झाडे मुबलक आहेत, फक्त खिडकीची बैठक ९० सेंटीमीटरवर ठेवण्याच्या रिवाजामुळे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आकाशाचा एक तुकडा तेवढा दिसतो. बैठक ६० सेंटीमीटरपर्यंत खाली आणावी आणि खालच्या भागात पक्के गज द्यावेत. गजांच्या आत डासांची जाळी हवीच, आणि ती काढून धुता आली पाहिजे.

साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो, कारण भिंग पिवळसर होते आणि बाहुली आकसते. त्यामुळे तरुण अभियंत्याला पुरेसा वाटणारा उजेड येथे अपुरा असतो. २००८ साली नेदरलँड्समधील बारा निवासांत झालेल्या अभ्यासात दिवसभर भरपूर उजेड दिल्याने विस्मृतीच्या रुग्णांमधील नैराश्याची लक्षणे आणि बौद्धिक घसरण काही प्रमाणात कमी झाल्याचे दिसले. गोव्यात जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले असते आणि रुंद वळचणीमुळे खोल्या आणखी अंधारतात, म्हणून दिवसाच्या बैठकीच्या खोलीत पावसाळ्यासाठी वेगळी, भरपूर दिव्यांची योजना असावी. राजांगण असेल तर त्याभोवतीच्या पडवीतच दिवसाची बैठक ठेवणे उत्तम. रात्री पलंगापासून शौचालयापर्यंत जमिनीलगत मंद, पिवळसर दिवे पायांची चाहूल लागताच लागावेत.

उजेडाइतकाच चकाकीचाही विचार करावा. आरशासारखी चमकणारी लादी वृद्धाला ओली वाटते, आणि तो पाऊल आखडते घेतो. गडद पायपुसणे विस्मृतीच्या रुग्णाला खड्ड्यासारखे दिसते. जमीन एकाच रंगाची व चमक नसलेली असावी, भिंत तिच्याहून वेगळी, आणि पांढऱ्या भिंतीपुढच्या पांढऱ्या कमोडवर गडद रंगाची बैठक असावी. हाच नियम ताटाला लागू पडतो. बोस्टनमध्ये अल्झायमरच्या गंभीर अवस्थेतील रुग्णांना पांढऱ्याऐवजी लाल रंगाच्या भांड्यांत वाढल्यावर ते अधिक जेवू लागल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. अभ्यास अवघ्या नऊ जणांचा होता, पण करून पाहायला काहीच खर्च पडत नाही. पांढऱ्या वाडग्यातली पेज आणि पांढऱ्या ताटातला भात मंद नजरेला दिसतच नाही. समोर वाडगा असून चमचा कडेवर आपटत राहतो आणि पाहणाऱ्याला वाटते की भूक नाही. तीच पेज गर्द निळ्या किंवा लाल वाडग्यात देऊन पाहावी.

पाऊस, ओल आणि वीज

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. उतरते छप्पर आणि निदान ९० सेंटीमीटर बाहेर आलेली वळचण यांना पर्याय नाही. एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे, देवघराकडे आणि भोजनगृहाकडे जाणारी प्रत्येक वाट छपराखालून असावी. उघड्या चिऱ्याच्या फरसबंदीवर जूनअखेर शेवाळ धरते, म्हणून चालण्याच्या वाटेवर चिरे वापरू नयेत. कपडे वाळवण्यासाठी पंखे लावलेली, जाळीच्या भिंतींची वेगळी पडवी बांधावी, नाहीतर ओले कपडे बोळातल्या कठड्यांवर येतात आणि धरायला कठडा उरत नाही. माडांच्या खालून वाट नेऊ नये. नारळ आणि झावळी कधी पडेल सांगता येत नाही.

वीज जाणारच असे धरून चालावे. बेडसोर होऊ नये म्हणून वापरली जाणारी हवेची गादी आणि प्राणवायूचे यंत्र दोन्ही विजेवर चालतात, म्हणून त्यांच्या जोडण्या, रात्रीचे दिवे, पाण्याचा पंप आणि उद्वाहक यांना स्वतंत्र पर्यायी पुरवठा हवा. उद्वाहक वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर येऊन उघडणारा आणि स्ट्रेचर मावेल एवढा असावा.

विस्मृती असलेल्यांसाठी

नेदरलँड्समधील वेस्प येथे २००९ साली सुरू झालेल्या हॉगेवेक या वसाहतीत विस्मृतीच्या रुग्णांसाठी रस्ते, दुकान, उपाहारगृह आणि लहान घरे आहेत आणि आतल्या आत ते मोकळेपणी फिरतात. त्यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे फिरण्याची मुभा. विस्मृतीच्या रुग्णाला चालत राहावेसे वाटते. बंद दारापाशी संपणारा बोळ त्याला चिडवतो. वाट गोल फिरून पुन्हा ओसरीशी यावी, दर दहा-बारा मीटरवर बसायला जागा असावी. राजांगणाभोवतीची पडवी ही अशी आयतीच वाट आहे. बागेत अबोली, मोगरा, जास्वंद, तुळस, कढीपत्ता लावावा आणि काही वाफे ७० सेंटीमीटर उंच बांधावेत, म्हणजे उभ्याने किंवा खुर्चीत बसून मातीत हात घालता येतो. कण्हेर आणि धोत्रा विषारी आहेत, ते आवारात नकोत. विहिरीवर पक्की जाळी हवी.

शौचालय पलंगावरून दिसत असेल तर विस्मृतीचे रुग्ण त्याचा वापर अधिक वेळा करतात. दार उघडे राहील किंवा पडदाच असेल अशी रचना या गटापुरती चालते. प्रत्येक खोलीच्या दाराशी क्रमांकासोबत त्या माणसाच्या जुन्या घराचा किंवा तरुणपणीचा फोटो आणि हाताला लागेल अशी त्याच्या ओळखीची एखादी वस्तू लावावी. बैठकीच्या खोलीत मोठे घड्याळ आणि वार, तिथी, सण ठळक दाखवणारी दिनदर्शिका असावी. आज एकादशी आहे हे कळले की पुष्कळांचा दिवस जागेवर येतो.

स्वयंपाक आणि सण

मोठा स्वयंपाक मध्यवर्ती ठिकाणी झाला तरी प्रत्येक गटाच्या छोट्या पाकशाळेत चहा, पेज, फोडणी एवढे व्हावे. फोडणीचा वास नाकात गेला की भूक जागी होते. टेबलाच्या खाली पाय किंवा चाके जातील अशी मोकळीक ठेवावी आणि तेथे तांबडी भाजी निवडायला, शेंगा सोलायला ज्यांना बसायचे असेल त्यांना बसू द्यावे. काम हळू होईल, होऊ द्यावे. सोमवारी, श्रावणात आणि उपासाला शिवराक (शाकाहारी) जेवणारे किती, मासे नसले तर जेवण न जाणारे किती, याची नोंद पाकशाळेच्या भिंतीवर असावी आणि शिवराक स्वयंपाकाची भांडी वेगळी ठेवण्यापुरती मांडणी आधीच करावी.

सामायिक दालनाच्या छताला चवथीच्या माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीसाठी, पक्क्या कड्या आणि लाकडी चौकट बांधतानाच बसवून घ्यावी. माटोळीला फळे, फुले, रानातल्या वस्तू बांधणे हे काम जुन्या माणसांना येते आणि तरुणांना विचारावे लागते. चौकट दोरीने कमरेच्या उंचीपर्यंत खाली घेता येईल अशी केली, तर खुर्चीत बसलेला आजोबाही कांगणांचा किंवा माट्टुळांचा घड स्वतः बांधू शकतो आणि कुठल्या फळाची जागा कुठे, हे इतरांना सांगू शकतो. भजनासाठी त्याच दालनात पेटी-तबला ठेवण्याचे कपाट द्यावे. ख्रिस्ती निवासींसाठी वेदी आणि लादाईनसाठी (सामूहिक प्रार्थनेसाठी) अंगणात जागा असावी. दालनात आवाज घुमू नये म्हणून कौलांखालचे लाकडी छत उघडे ठेवावे किंवा भिंतींवर कापडी आवरणे द्यावीत. काँक्रीट आणि लादीच्या खोलीत श्रवणयंत्र लावलेल्याला नुसता गलका ऐकू येतो.

शेवटचे दिवस

बहुतेक नकाशांत या गोष्टीचा उल्लेखच नसतो. वृद्धनिवासात माणसे मृत्यूपर्यंत राहणार आहेत. प्रत्येक गटाजवळ एक मोठी खोली अशी असावी की जेथे नातेवाईक रात्री झोपू शकतील, स्वतंत्र न्हाणीघर असेल, पलंगाच्या तिन्ही बाजूंनी बसता येईल आणि पोथी वाचायला किंवा रोझरी म्हणायला चार माणसे मावतील. शव पाकशाळेमागच्या कचऱ्याच्या वाटेने बाहेर काढण्याची पद्धत मला अत्यंत अपमानास्पद वाटते. जो माणूस पुढच्या दाराने आला तो पुढच्याच दाराने जावा, आणि ज्यांच्याबरोबर तो राहिला त्यांना ओसरीवर उभे राहून निरोप देता यावा, एवढी रुंदी आणि छपराखालची जागा तेथे असावी.

कर्मचारी आणि पुढची देखभाल

सेविकांना खिडकी असलेली विश्रांतीची खोली, कपाट आणि स्वच्छ शौचालय द्यावे. दमलेल्या माणसाकडून मायेने काम होत नाही. त्यांची बसण्याची जागा काचेच्या केबिनमध्ये न ठेवता बैठकीच्या खोलीतच, दोन बोळांवर नजर राहील अशा कोपऱ्यात ठेवावी. वॉकर, चाकाच्या खुर्च्या आणि सिलिंडर यांसाठी भांडाराची जागा वास्तुरचनाकार सांगेल त्याच्या दुप्पट धरावी, कारण ती कमी पडली की सगळे सामान बोळात येते आणि १८० सेंटीमीटर रुंद ठेवलेला बोळ ९० चा होतो. पुष्कळशा सेविका परप्रांतीय असतात, म्हणून रोजच्या वापरातले मराठी-कोंकणी शब्द पाकशाळेत आणि न्हाणीघराबाहेर चित्रांसह लावावेत. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा १४५६७ हा क्रमांक निवासींच्या दूरध्वनीशेजारी, कार्यालयाच्या बाहेर, मोठ्या अक्षरांत लिहावा.

इमारत सुरू झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात न्यासाच्या प्रत्येक सदस्याने स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून, कुणाचीही मदत न घेता, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, तेथून जेवणाच्या टेबलापर्यंत आणि तेथून फाटकाशी जाऊन यावे, आणि जेथे अडले तेथे खडूने खूण करावी. निवासींनाही महिन्यातून एकदा विचारावे की कुठले बटण पोचत नाही, कुठली खुर्ची कुणी वापरत नाही, रात्री कुठे अंधार वाटतो. या दुरुस्त्यांसाठी एकूण बांधकामखर्चातला काही हिस्सा पहिल्याच अंदाजपत्रकात वेगळा काढून ठेवावा आणि उद्घाटनाच्या समारंभासाठी त्याला हात लावू नये.